वहिनीच्या पत्त्याची चौकशी

मी मुळात तोंडाळ बाई आहे. वर्गातली पोरं असोत, मुख्याध्यापक असोत की एसटीचा कंडक्टर, मी कोणाची भीड ठेवत नाही. पण एका दिवशी यवतमाळला, जिथं तोंड उघडायला हवं होतं नेमकं तिथं माझी दातखीळ बसली. ते मी घरात आजवर कोणाला सांगितलेलं नाही. विसरले असं नाही. घाबरले.

माझा मोठा भाऊ आखातात एसी दुरुस्तीच्या कामावर होता. तिथल्याच एका दवाखान्यात श्रीलंकेची एक मुलगी आयाचं काम करायची. दोघांचं जमलं, लग्न झालं, आणि मग त्यानं फोन करून आईला सांगितलं. आईनं पहिला प्रश्न विचारला, "जात कोनती?" तो म्हणाला, "बौद्ध." आई म्हणाली, "मंग त आपलीच हाय. एवढ्यासाठी घाबरून राह्यला होता काय?" बाबा मी दहावीत असतानाच वारले होते, त्यामुळे घरात विचारायला दुसरं कोणी नव्हतं. विषय तिथंच संपला.

वहिनी आमच्या मारेगाव तालुक्यातल्या गावात आली तेव्हा कापसाची वेचणी ऐन भरात होती. हातात एक बांगडी नाही, गळ्यात बारीक साखळी. शेजारच्या बायांना चेष्टेला आयताच विषय मिळाला. "आली बाप्पा लंकेची पार्वती," असं म्हणून त्या खिदळायच्या, आणि वहिनीला वाटायचं की आपलं कौतुक चाललंय, तीही हसायची. भाषेचं म्हणाल तर आखातात राहून तिला हिंदी बऱ्यापैकी येत होती, आणि आमच्याकडे हिंदी न कळणारं कोण आहे! सकाळी बुद्धवंदनेला मात्र आई आणि ती एकत्र बसायच्या. शब्द तेच, चाल वेगळी. आई आपल्या चालीत रेटायची, ती तिच्या. शेवटी कोण आधी पोचतं अशी शर्यत लागायची.

परदेशी माणूस जास्त दिवस राहणार असेल तर जिल्ह्याच्या पोलीस कार्यालयात चौदा दिवसांत नोंद करावी लागते. भाऊ तिला घेऊन यवतमाळला गेला. मीही गेले होते, कारण मला त्याच इमारतीत माझं काम होतं. डी.एड. होऊन शिक्षणसेवकाच्या यादीत माझं नाव लागलं होतं आणि चारित्र्य पडताळणीचा अर्ज द्यायचा होता. वहिनीच्या फॉर्मवर पत्त्याच्या दोन जागा होत्या. एक भारतातला, एक कायमचा. भावानं दोन्हीकडे आमच्या घराचा पत्ता लिहिला. टेबलावरचा जमादार म्हणाला, "कायमचा म्हंजे यांच्या देशातला लिवा ना." वहिनीनं हिंदीत सांगितलं की आईबाप गेले, घर विकलं, तिथं आता तिचं काही नाही. जमादारानं थोडा विचार केला, मग म्हणाला, "राहू द्या. पन आमचा मानूस चौकशीले येईन. तो हो म्हनीन तेव्हाच पक्कं समजा." त्यानं एक पावती दिली. भावानं ती घडी करून आईजवळ दिली आणि रजा संपली तसा तो आखातात परत गेला. तो गेल्यावर पंधरा दिवसांनी कळलं की वहिनीला दिवस गेलेत.

आता मला त्या वर्षांबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कोणाला खरं वाटणार नाही.

कापसाला भाव नव्हता. आज वाढेल, उद्या वाढेल म्हणून लोकांनी माल घरात भरून ठेवला होता. आमच्या दोन खोल्यांपैकी एक आढ्यापर्यंत कापसानं भरली होती, दुसऱ्या खोलीत आम्ही तिघी झोपायचो. अंगाला सतत खाज. आणि गावात रोज कोणी ना कोणी कागद घेऊन यायचं. आदल्या वर्षी आमच्या शेजारच्या काकूच्या नवऱ्यानं फवारणीचं औषध पिऊन जीव दिला होता. त्यानंतर चौकशीला माणसं आली, एकामागून एक. काकू बिचारी सरळ. विचारलं तेवढं खरं खरं सांगत गेली. कधी मधी दारू घेत होते का? घेत होते. आदल्या दिवशी घरात भांडण झालं होतं का? झालं होतं. महिनाभरानं कागद आला, प्रकरण सरकारी मदतीला अपात्र. भांडणातून आणि व्यसनातून मृत्यू. काकू तो कागद घेऊन आमच्या ओट्यावर बसली होती, आणि एकच म्हणत होती, "मी त खरंच सांगतलं होतं ना व."

त्या दिवसापासून गावातल्या बायांनी, कोणतीही बैठक न घेता, एक गोष्ट ठरवून टाकली. कागदवाल्याला काही सांगायचं नाही. पुरुष तर दिवसा शेतातच. मोटरसायकल वाजली आणि काखेत फाईल दिसली की दारातली बाई एकच वाक्य म्हणायची, "मी पाव्हनी आहो, मले काही मालूम नाही." आलेला माणूस पुढच्या घरी जायचा. तिथलीही पाव्हणीच. अख्ख्या गल्लीत एक बाई त्या गावची नसायची. मग तो वैतागून निघून जायचा आणि मागे आम्ही पदर तोंडाला लावून हसायचो. त्या वर्षांत हसायला फार काही नव्हतं, त्यामुळे हे आम्हाला पुरायचं.

वहिनीला हे वाक्य मी शिकवलं. कोणी सांगितलं नव्हतं, माझीच हौस. दिवसभर आई आणि मी वेचणीला जायचो, वहिनी कापसाची राखण करत घरी एकटी. मी तिला दारात उभी करायची, स्वतः काखेत वही धरून अंगणातून यायची आणि खाकरून विचारायची, "घरी कोन हाय?" ती म्हणायची, "मी पाव्हनी आहे." मी म्हणायची, "आहे नाही, आहो. डोक्यावर पदर घे. डोळ्यात नको पाहू. आणि लगेच आत वळ." आठ दिवसांत तिला ते असं जमलं की मलाच एकदा वाटलं, ही खरंच कुठल्या तरी वणीकडच्या गावातून पाहुणी आली आहे.

एका संध्याकाळी आम्ही शेतातून आलो तर वहिनी दारातच उभी, चेहरा फुललेला. म्हणाली, "आज आला होता एक. गाडीवर, फाईल घेऊन. मी बराबर सांगितलं." मी विचारलं, काय म्हणाला? तर त्यानं काही तरी बाहेरची बाई, बाहेरची बाई असं विचारलं, तिनं पूर्ण ऐकलंच नाही, पदर घेऊन वाक्य म्हणून मोकळी झाली. मग तो शेजारी काकूकडे गेला. काकूही पाहुणी. आईनं वहिनीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मी तर तिची पाठ थोपटली. पास झालीस म्हणाले.

तीन आठवड्यांनी पोलीस पाटील नोटीस घेऊन आले. ओट्यावर बसून त्यांनी चष्मा लावला आणि वाचून दाखवलं. सदर पत्त्यावर चौकशी केली असता सदर परदेशी महिला तेथे राहत असल्याचे आढळून आले नाही. घरातील उपस्थित महिलेने आपण पाहुणी असून काही माहीत नसल्याचे सांगितले. शेजाऱ्यांनीही तसेच सांगितले. सात दिवसांत समक्ष हजर राहून खुलासा करावा, अन्यथा देश सोडण्याबाबत पुढील कारवाई करण्यात येईल.

आईला अर्धंच कळलं. "कोन पाव्हनी? कोनाले देश सोडा लागते?"

पाटलांनी वहिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तो पोलिसायच्या गोपनीय शाखेचा मानूस होता व पोरी. ते साध्या कपड्यातच येतात. त्याच्या फाईलीत हिचा फोटो होता, पन झेरॉक्सचा. नुसता काया डाग. समोर उभी बाई तेच हाय हे त्याले काय ठाऊक? हे त बोलली बी आपल्यासारखीच."

"मंग जाऊन सांगतो ना, गलती झाली म्हनून," आई म्हणाली.

"सांगा. पन माय, पोलिसाले खोटं सांगनं साधी गोष्ट नाही. त्यात बाई श्रीलंकेची. तिकडं लढाई चालू हाय, ह्या लोकायवर डोया ठेवतात. हिले कोन शिकवलं, कायले शिकवलं, हे विचारतीनच." ते उठले, आणि जाताना मला म्हणाले, "तुहीबी पडताळणी हाय ना तिथं? जपून राय."

ते सहज म्हणाले असतील. मी मात्र आत जाऊन माझ्या अर्जाची पोच काढून पुन्हा वाचली.

पुढचे दिवस कसे गेले ते मला तुकड्या तुकड्यांत आठवतं. वहिनीचा सहावा महिना लागला होता. तिला पाठवलं तर कुठं पाठवणार? भाऊ राहायचा त्या कंपनीच्या खोलीत आठ पुरुष, तिथं बायको नेता येत नव्हती. तिच्या देशात तिचं दार उरलं नव्हतं. आणि पोटातलं मूल? ते कुठं जन्मेल, कोणाच्या हातावर, हे प्रश्न आई मोठ्यानं विचारायची. शुक्रवारी भावाचा फोन फाट्यावरच्या एसटीडीवर यायचा. आम्ही तिघी गेलो, तिघी बोललो, आणि कोणीच काही सांगितलं नाही. तो तिकडून काय करणार होता?

वहिनीनं आपली बॅग भरून दाराजवळ ठेवली. आईनं ती उचलून परत कपाटावर ठेवली. दुसऱ्या दिवशी बॅग पुन्हा दाराजवळ. बाहेर गाडी वाजली की ती कापसाच्या खोलीत जायची आणि ढिगामागे बसायची, त्या पोटासकट. दुधवाल्याची लूना वाजली तरी. एकदा मी तिला शोधत आत गेले तर ती भिंतीला टेकून बसली होती, केसांत, भुवयांवर कापूस, आणि ओठ हलत होते. मला वाटलं वंदना म्हणतेय. जवळ गेले तर ती माझंच वाक्य घोकत होती, उलटं करून. "मी पाव्हनी नाही. मी पाव्हनी नाही." ती तिथं काय बोलायचं याची तयारी करत होती. मी तशीच मागे वळले. मला तिच्यासमोर उभं राहवेना.

खरं सांगायचं तर मला दोन प्रकारची भीती वाटत होती. एक वहिनीसाठी, ती मोठ्यानं सांगता येण्यासारखी. दुसरी स्वतःसाठी. नोकरीची ऑर्डर पडताळणीवर अडली होती. आमच्या घराण्यात सरकारी नोकरीत लागणारी मी पहिली. आईनं बाबांच्या मागे पाच एकरात राबून मला डी.एड. केलं होतं. परदेशी बाईला पोलिसांशी खोटं बोलायला शिकवणारी, असा एक शेरा माझ्या कागदावर पडला की संपलं. हा विचार मला दिवसातून दहा वेळा यायचा, आणि दहाही वेळा मी स्वतःला म्हणायची, असं काही होणार नाही, तू उगाच वाढवून विचार करतेस.

सातव्या दिवशी आम्ही गेलो. ग्रामसेवकाचा रहिवासी दाखला, घरपट्टीची पावती, दवाखान्याचं कार्ड, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत. बस करंजी गावाला पोचेपर्यंत वहिनीला दोनदा उलटी झाली.

त्या कार्यालयात एका लांबट खोलीत दोन टेबलं शेजारी शेजारी होती. एक परदेशी नागरिकांचं, दुसरं चारित्र्य पडताळणीचं. पहिल्या खेपेला मला ते सोयीचं वाटलं होतं. आम्ही आत गेलो आणि दुसऱ्या टेबलावरचा कारकून मला ओळखून म्हणाला, "या मॅडम. तुमची फाईल आली बरं पोलीस ठाण्यातून. एक सही राह्यली." त्यानं ती फाईल उचलून दाखवली सुद्धा. गुलाबी दोरी होती तिला.

आमची कागदपत्रं जमादारानं पाहिली आणि आम्हाला साहेबांसमोर उभं केलं. साहेब तरुण होते, आवाज न चढवता बोलणारे. त्यांनी दाखला वाचला. "राहतात हे दिसतंय," ते म्हणाले. "मग खोटं कशाला सांगितलं?"

आई मध्येच म्हणाली, "साहेब, आमच्याकडं कागदवाला आला की समद्या बाया तसंच सांगतात. वाईट नाही काही त्यात."

"सगळ्या बाया परदेशी नाहीत ना, आजी." मग ते वहिनीकडे वळले आणि हिंदीत बोलू लागले. "तुम्हाला इथं येऊन काही महिने झाले. तुम्ही आमच्या माणसाला अस्सल इथल्या बोलीत सांगितलं. तो फसला. हे वाक्य तुम्हाला कोणी तरी पाठ करून दिलं. कोणी?"

खोलीत पंखा चालू होता. शेजारच्या टेबलावर माझी फाईल उघडी होती आणि कारकून पेन हातात धरून आमच्याकडेच पाहत होता.

"मी विचारतोय, कोणी शिकवलं?" साहेब पुन्हा म्हणाले. "तुम्हाला पोलिसांपासून लपवायला सांगणारा माणूस कोण, हे मला कळायला पाहिजे. ते सांगा, तुमचं काम मी आजच करतो."

एवढंच करायचं होतं. मी शिकवलं, साहेब, गंमत म्हणून शिकवलं, एवढे शब्द. ते माझ्या तोंडात तयार होते. आईला तर माहीतच नव्हतं की आमची अंगणात तालीम चालायची. तिला वाटत होतं वहिनी ऐकून ऐकून शिकली. म्हणजे त्या खोलीत खरं माहीत असलेल्या दोघीच होतो. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी नजर खाली घातली, आणि पिशवीतले कागद नीट लावायला लागले. ते आधीच नीट होते.

"कोणी नाही," वहिनी म्हणाली. "बायकांचं ऐकून मी आपल्या मनानं बोलले. मी घाबरले होते. चूक माझी आहे."

साहेबांनी तिच्याकडून जबाब लिहून घेतला. जमादारानं लिहिला, तिला हिंदीत वाचून दाखवला, तिनं तिच्या गोल गोल लिपीत खाली सही केली. मी भीतीपोटी पोलीस कर्मचाऱ्यास जाणूनबुजून खोटी माहिती दिली. पुन्हा असे केल्यास होणाऱ्या कारवाईस मी पात्र राहीन. नोंदणीच्या पुस्तिकेवर शिक्का बसला, पत्त्याच्या दोन्ही जागी आमचं गाव आलं, आणि शेऱ्याच्या रकान्यात साहेबांनी लाल शाईनं दोन ओळी लिहिल्या. "दरवर्षी मुदत वाढवायला याल तेव्हा हे आधी वाचलं जाईल," असं त्यांनी तिला समजावून सांगितलं. तिनं मान हलवली.

बाहेर पडताना शेजारच्या टेबलावरून कारकुनानं हाक मारली, "मॅडम, झाली बरं सही."

आई आवारातल्या झाडाखाली बसून रडली आणि लगेच हसली. सून राहिली, नात-नातू जे काय असेल ते घरीच होणार. तिनं आम्हाला कचोरी खाऊ घातली. परतीच्या बसमध्ये ती पुढच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून घोरायला लागली. मागे आम्ही दोघी. बरंच अंतर कापल्यावर मी हळूच म्हणाले, "वहिनी, मी बोलायला पाहिजे होतं."

तिनं पोटावरचा पदर सारखा केला. "हो," ती म्हणाली. मग, आता तिला चांगल्याच येऊ लागलेल्या आमच्या बोलीत, "तू माह्या गावी आली असती, आन् असंच झालं असतं, त मी बोलली असती."

आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. एक माहिती द्यावी तसं तिनं मला ते सांगितलं, आणि नंतर पुढं उतरायची तयारी म्हणून चप्पल शोधायला लागली.

तिला मुलगी झाली, घरीच, आईच्या हातावर. महिनाभरात मला ऑर्डर आली, उमरखेडकडच्या एका शाळेत मी रुजू झाले. दरवर्षी वहिनी मुदत वाढवायला यवतमाळला जाते. तिथं साहेब बदलतात, टेबलावरचा माणूस बदलतो, तरी पुस्तिका उघडली की आधी ती लाल शाई वाचली जाते आणि पहिला प्रश्न तोच येतो, तेव्हा खोटं का बोललात? ती दरवर्षी तेच उत्तर देते. आठ दिवस आधी आईचा मला फोन येतो, "तू येतं काय व तिच्यासोबत? तुले शिकल्या-सवरल्याले बोलता येते." मी सांगते की सुट्टी मिळत नाही. सुट्टी मिळते. मी अर्जच टाकत नाही.